मेडिकल कोडिंगचे शिक्षण : संस्था कशी निवडावी?

शालान्त परीक्षा आटोपली की पुढे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. आपल्या हैदराबादेत अलीकडे त्याला ‘मेडिकल कोडिंग’ हे एक नवे उत्तर मिळू लागले आहे. ही विद्या शिकविणाऱ्या संस्थाही पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांतील योग्य संस्था कशी ओळखावी, याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम ही विद्या कोणती ते पाहू. डॉक्टरांनी लिहिलेले निदान व केलेले उपचार वाचून त्यांस ठरावीक संकेतांक देणे, हे कोडरचे काम. उदाहरणार्थ, गुंतागुंत नसलेल्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा संकेतांक ‘ई ११.९’ असा आहे. रोगांचे हे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. अमेरिकेने त्यात स्वतःची भर घातली आहे. उपचारांच्या संकेतांकांचे पुस्तक अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम काढले. विमा कंपनी हे अंक पाहूनच पैसे देते. अंक चुकला तर दावा फेटाळला जातो व त्याचा भार कित्येकदा रोग्यावर पडतो; न केलेल्या उपचाराचा अंक मुद्दाम लावला तर ती सरळ लबाडी होय. म्हणून ही विद्या नीट शिकणे अगत्याचे आहे.

हैदराबादेतील बरेचसे काम अमेरिकेतील रुग्णालयांसाठी चालते. त्यामुळे संस्थेने स्वतः दिलेल्या प्रशस्तिपत्रापेक्षा तेथील मान्य परीक्षेला महत्त्व अधिक. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘एएपीसी’ या संस्थेची ‘सीपीसी’ परीक्षा त्यांपैकी एक. तिच्यात चार तासांत शंभर प्रश्न सोडवावे लागतात आणि उत्तीर्ण होण्यास शेकडा सत्तर गुण लागतात. अनुभव नसलेल्या उत्तीर्णाच्या पदवीपुढे ‘शिकाऊ’ अशी खूण राहते, हेही ध्यानात असावे.

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. शिकविणारे स्वतः ही परीक्षा उत्तीर्ण आहेत काय? पुस्तके चालू वर्षाची आहेत काय? कारण अमेरिकेत रोगांचे संकेतांक दर वर्षी १ ऑक्टोबरला व उपचारांचे १ जानेवारीला बदलतात. जुन्या पुस्तकावरचा अभ्यास वाया जातो. शरीररचना व वैद्यकीय परिभाषा शिकवितात काय? रोग्याचे नाव वगळलेल्या कागदपत्रांवर सराव करून घेतात काय? फीमध्ये पुस्तके व परीक्षाशुल्क धरले आहे काय, आणि मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात काय, हे लेखी घ्यावे. ‘नोकरीची हमी’ ऐकून भुलू नये. तेथून शिकून गेलेल्या दोघाचौघांस गाठून प्रत्यक्ष विचारावे.

आणखी एक सांगावेसे वाटते. अनेक कंपन्या विज्ञानशाखेच्या पदवीधरांस पसंती देतात. तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून या मार्गास लागू नये. आधी पदवी, मग ही विद्या, असा क्रम ठेवल्यास आईबापांच्या कष्टाचा पैसा सत्कारणी लागेल.