मुलांना शिकविताना सुधारते ती आपली इंग्रजी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक चार शब्द लिहावेत, अशी चालकांची सूचना आली. विषय शोधण्यास आम्हांस लांब जावे लागले नाही. नोकरीच्या निमित्ताने पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांत राहण्याचा योग आला आणि दोन्हीकडे पालकांच्या तोंडून एकच प्रश्न ऐकू आला : “मास्तर, मुलगी बी.ए. झाली, पण इंग्रजीत दोन वाक्ये बोलायची म्हटली की तोंडाला कुलूप बसते. काय करावे?” आमचे उत्तर ऐकून पालक प्रथम हसतात. आम्ही सांगतो, तिला काही महिने लहान मुलांना इंग्रजी शिकविण्याच्या उमेदवारीस लावा. मुले शिकतीलच, पण त्यांच्याआधी तीच शिकेल. हे कसे घडते, ते येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

प्रश्न कोठून उद्भवतो

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतील तालुके. पोर्तुगीज अमदानीत येथील मराठी शिक्षण देवळांच्या आवारात, कोणाच्या तरी पडवीत, लोकांच्याच आधारावर टिकून राहिले. इंग्रजी पुढपर्यंत शिकावयाची तर अनेकांना मुंबई किंवा बेळगाव गाठावे लागे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे पेडण्याचेच. त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या व गरिबाच्या घरात पाटी-पेन्सिल आली. हे उपकार विसरता येत नाहीत.

परंतु एक अडचण तेव्हापासून चालत आली. चौथीपर्यंत शिक्षण मराठी वा कोंकणीतून आणि पाचवीत पाऊल टाकताच बहुतेक शाळांत इंग्रजी माध्यम! काल ज्याला ‘परिसर’ म्हणून ठाऊक होते, तेच आज सायन्स होऊन समोर येते. आमच्या समाजातील कित्येक मुलांची तर तिहेरी कसरत असते : घरी उर्दूच्या वळणाची बोली, गल्लीत कोंकणी, शाळेत मराठी, त्यावर ही चौथी भाषा. आम्ही स्वतः याच वाटेने आलो. पाचवीचे सारे वर्ष मागल्या बाकावर मौनात काढले. पाठांतराच्या बळावर पुढे पदवी मिळाली, पण बोलण्याची भीती पदवीबरोबर गेली नाही.

आज ही भीती महाग पडते. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतील अनेक घरांची मिळकत थांबली व मुलांना दुसरी वाट शोधावी लागली. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. दाराशी आलेल्या नोकरीच्या मुलाखतीत गावची मुले अडतात, ती बहुधा ज्ञानावाचून नव्हे, तर चार सरळ वाक्यांवाचून.

कुर्लीचा डेंगा

आम्ही बी.एड. करीत होतो तेव्हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. सराव पाठांसाठी पेडणे तालुक्यातील किनाऱ्याजवळच्या एका शाळेत आमची रवानगी झाली. पाठ टाचण व्यवस्थित काढलेले. वर्गात शिरून आम्ही एका मुलास मोठ्या ऐटीत म्हणालो, “काइंडली प्रोसीड टु द ब्लॅकबोर्ड.” तो हलला नाही. आम्ही तेच वाक्य अधिक मोठ्याने म्हटले, तेव्हा तो रडवेला झाला. मागे बसलेल्या मार्गदर्शक बाई हळूच म्हणाल्या, “सर, त्याला ‘कम हियर’ म्हणा.” तसे म्हणताच पोरगा उड्या मारीत आला. “टेक द चॉक. ड्रॉ अ क्रॅब.” त्याने फळाभर झकास कुर्ली काढली आणि वळून विचारले, “सर, कुर्लेच्या डेंग्याक इंग्लिशीत काय म्हणतत?”

आम्हांस ठाऊक नव्हते! शेक्सपिअरच्या नाटकावर दहा पाने लिहिणारा पदवीधर कुर्लीच्या डेंग्यापाशी अडला. त्या रात्री शब्दकोशात ‘क्लॉ’ हा शब्द सापडला; पाठोपाठ खवले, कल्ले, जाळे, वल्हे यांचेही इंग्रजी शब्द आम्ही वहीत उतरून घेतले. आमच्या इंग्रजीची इमारत वरच्या मजल्यापासून बांधली गेली होती आणि पाया रिकामा होता, हे त्या मुलाने एका प्रश्नात दाखवून दिले.

मुलांपुढे जीभ का सुटते

याची कारणे साधी आहेत. पहिले कारण शब्दांचे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ पूर्वी बंगालमध्ये, ढाक्यास होते. मुलांना इंग्रजी वाचता कशी येईल याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. पुढे १९५३ साली त्यांनी नित्य उपयोगाच्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोजच्या बोलण्यात बहुतांशी हेच शब्द पुनःपुन्हा येतात. मोठमोठे शब्द पाठ केलेल्या पदवीधराला हे लहान शब्द चटकन आठवत नाहीत. मुलांपुढे त्यांवाचून गत्यंतर नसते.

दुसरे कारण पुनरावृत्तीचे. ‘ओपन द बुक’, ‘हू इज ॲबसंट?’, ‘वॉश युअर हँड्स’ ही वाक्ये दिवसातून वीस वेळा म्हणावी लागतात, आणि प्रत्येक वेळी खऱ्या कामासाठी. घोकून जे होत नाही, ते अशाने आठवड्यात होते.

तिसरे कारण प्रश्नांचे. आपण मराठीत ‘तू उशीर का केलास?’ म्हणतो व त्याच चालीवर इंग्रजीत ‘व्हाय यू आर लेट?’ म्हणून जातो. तेथे ‘आर’ आधी व ‘यू’ मागाहून हवे. शिक्षकाचे अर्धे बोलणे प्रश्नांचेच असल्याने ही उलटापालट रोज हाताखालून जाते व जिभेवर बसते. ‘अ’ आणि ‘द’ यांचेही असेच. मराठीत त्यांस जोडीदार नाही, म्हणून ते गळतात. गोष्ट मोठ्याने वाचून दाखविताना ते आपोआप जागेवर येऊ लागतात.

चौथे आणि सर्वांत मोठे कारण भीतीचे. बरोबरीचे लोक हसतील या धास्तीने आपण गप्प बसतो. सहा-सात वर्षांचे मूल आपले व्याकरण तपाशीत नाही; त्याला गोष्टीत पुढे काय झाले एवढेच हवे असते. आपल्याकडे हे तत्त्व नवे नाही. मकतबात मोठा मुलगा धाकट्याचा सबक ऐकतो. धाकट्याचा होवो न होवो, ऐकणाऱ्याचा सबक पक्का होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. परकी भाषा आपल्या अंगणाला नवखी नाही. जनेल, कदेल, कुलेर, तुवाल हे पोर्तुगीज शब्द आपल्या आजीच्या तोंडी बसले, ते व्याकरण शिकून नव्हे. वस्तू हाती होती म्हणून. प्रा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत जो प्रयोग केला, त्याचाही मथितार्थ हाच, की मुलाचे लक्ष नकाशा, वेळापत्रक अशा एखाद्या कोड्यावर खिळले की भाषा मागोमाग येते. पेडण्याहून म्हापशास जाणाऱ्या कदंब बसचे वेळापत्रक फळ्यावर मांडावे व ‘दहाच्या आत पोहोचायचे तर कोणती बस धराल?’ हे इंग्रजीतून विचारावे. मुले तर बोलतातच, पण विचारणाराही बोलू लागतो.

मूल म्हणजे सरावाची पाटी नव्हे

येथे एक शंका रास्त आहे. आपली इंग्रजी सुधारण्यासाठी दुसऱ्याची मुले का वापरावीत? चुका झाल्या तर? चुका होतात. एका वर्षी एक छात्राध्यापक दिवे लावण्यास सांगताना ‘ओपन द लाइट’ म्हणे. आठ दिवसांत सारा वर्ग तसेच म्हणू लागला आणि ते पुसून टाकावयास आम्हांस महिना लागला. दोष त्याचा नव्हे. त्याचे टाचण आधी न पाहणाऱ्या आमचा होता. तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो.

वर्गात म्हणावयाची वाक्ये आदल्या दिवशी लिहून जाणत्या शिक्षकास दाखवावीत. आरंभी पाच-सहा मुलांचाच गट घ्यावा. चूक कळताच दुसऱ्या दिवशी मुलांसमोर मोकळेपणाने सुधारावी. त्यात कमीपणा नाही. जेथे अर्थ अडेल तेथे मराठी-कोंकणीचा खुशाल आधार घ्यावा. मुलाच्या बोलीला हसणाऱ्याने वर्गात पाऊल टाकू नये. आणि मुलांपाशी थांबूही नये. मुले धीर देतात, पण वरच्या इयत्तेची भाषा देत नाहीत. त्यासाठी वाचन व जाणत्यांशी बोलणे चालू ठेवावे लागते.

शासनानेही उमेदवारीचे मोल ओळखले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले व त्यात शाळेतील कामासाठी २० आठवडे राखले गेले. आमच्याकडे येणारे छात्राध्यापक पहिल्या आठवड्यात मराठीच्या आडोशाला उभे असतात. शेवटच्या आठवड्यात तेच शाळा-तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांशी इंग्रजीत बोलताना दिसतात. फरक २० आठवड्यांचा असतो; त्यात आमचा वाटा थोडा, मुलांचा अधिक.

ट्रस्टला एक विनंती

बी.एड.ची वाट प्रत्येकास धरावयाची नसते. पण उमेदवारी सर्वांस करता येईल. ट्रस्टकडून शिक्षणसाह्य घेणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींनी आठवड्यातून दोन तास, शुक्रवारची नमाज व परीक्षेचे दिवस सांभाळून, तिसरी-चौथीच्या मुलांना चित्रमय इंग्रजी पुस्तके वाचून दाखवावीत. खर्च म्हणाल तर एक सतरंजी, एक फळा आणि थोडी पुस्तके. देखरेखीस आमच्यासारखे शिक्षक आनंदाने येतील. पाचवीच्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या मुलाला हात मिळेल आणि हात देणाऱ्याची जीभ मोकळी होईल. घेतलेल्या मदतीची याहून चांगली परतफेड आम्हांस सुचत नाही.

ट्रस्टने आजवर कित्येकांची फी भरली, वह्या-पुस्तके दिली. पुढील वर्षांत ही दोन तासांची शाळाही त्यात भर घालो, एवढी प्रार्थना करून लेखणी ठेवतो.