नाणेघाटची राणी होताना: दोघी मैत्रिणींनी फोटोंची आखणी कशी करावी

आजचा विषय आहे कॉस्प्ले. एखाद्या गोष्टीतल्या, सिनेमातल्या किंवा इतिहासातल्या व्यक्तीचा वेश करायचा, तिच्यासारखे उभे राहायचे आणि फोटो काढायचे, याला कॉस्प्ले म्हणतात. शब्द १९८० च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला, पण सोंग घेणे आपल्याला नवे नाही. बहुरूपी आपल्या दारी येत आले आहेत, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्यातल्या कितीतरी जणी जिजाऊ नाहीतर सावित्रीबाई झाल्या आहेत.

वेश कोणाचा घ्यायचा, हे सगळ्यात आधी ठरवावे. आम्ही सुचवतो आपल्याच डोंगरातली एक बाई: सातवाहनांची राणी नागनिका. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावापुढून नाणेघाटाची वाट चढते. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जाई. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आहेत, आणि दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. तिथेच राजघराण्याच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. वरची नावे मात्र वाचता येतात, आणि त्यांत नागनिकेचे नाव आहे.

म्हणजे राणीचा चेहरा नाही, नाव आहे. म्हणूनच वेश करताना विचार करावा लागतो. पैठणी, नथ, चंद्रकोर, कोल्हापुरी साज घातला की कोणीही ‘राणी’ म्हणेल, पण ती नागनिका होणार नाही. हे सगळे फार नंतरचे आहे. त्या काळच्या बायका कशा दिसत, हे कार्ले आणि भाजे इथल्या शिल्पांत दिसते: निऱ्यांचे नेसूचे वस्त्र, रुंद मेखला, जाड पैंजण, मनगटापासून वरपर्यंत बांगड्या, कानांत मोठी गोल कर्णभूषणे. नाकात काही नाही. शिल्पांत शिवलेली चोळीही नाही. आपण अंगाच्या रंगाशी जुळणारे साधे पोलके घालून वरून उपरणे घ्यावे.

सामान विकत घ्यायची घाई नको. आजीची बिनजरीची सुती नऊवार पेटीत असेलच. मणी-बांगड्या आठवडी बाजारात किंवा पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत मिळतात. मेखला जाड दोऱ्यात मणी ओवून घरीच होते. दुसऱ्या मैत्रिणीने दासी होऊन मागे उभे राहू नये. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नोंद आहे, आणि दान देणाऱ्यांत बायकाही आहेत. तिने कल्याणची दानी स्त्री व्हावे. मग फोटोत दोघींनाही आपापले काम असते.

एक गोष्ट सांभाळू या. बोहाड्याचे मुखवटे पूजेचे आहेत, ते हौसेला वापरू नयेत. वारली, ठाकूर, कातकरी भगिनींचा पेहराव ज्यांचा आहे त्यांनी अभिमानाने घालावा. इतरांनी त्याचे सोंग करू नये.

आता जाण्याचे. शहापूरची मैत्रीण किन्हवलीवरून सरळगावला येईल, मुरबाडची तिथेच भेटेल, आणि पुढे माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे. चढ दोन-तीन तासांचा आहे. लुगडे नेसून, पैंजण घालून चढू नका. सलवार-कुर्ता घालून चढा आणि वर त्याच्यावरूनच नेसा; लेण्यापाशी कपडे बदलायला आडोसा नाही. नेसण्याचा सराव घरी दोनदा करा. चढ झेपत नसेल तर माळशेज ओलांडून जुन्नरकडच्या घाटघर गावावरून गाडी माथ्याजवळ जाते. पावसाळ्यात दगड निसरडे आणि गर्दी फार, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. लेणे संरक्षित स्मारक आहे: लेखावर हात फिरवू नका, खडूने अक्षरे उठवू नका, रंग किंवा धूर करू नका. ट्रायपॉड, दिवे न्यायचे तर पुरातत्त्व खात्याला आधी विचारा.

शेवटचे, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे. फोटो कोणाच्या मोबाइलवर राहणार, हे निघण्याआधी बोला. दोघींनी ‘हो’ म्हटल्याशिवाय एकही फोटो स्टेटसला नको, हा करार करा. एकीच्या घरी हौस म्हणून चालते ते दुसरीच्या घरी वादाचे कारण होते, आणि त्याची झळ मैत्रीला लागते. फोटो काढणारा भाऊ असो की ओळखीचा, काम झाले की त्याच्या मोबाइलमधून ते काढून टाकायला सांगा. कोणी फोटोचा गैरवापर केला तर गप्प बसू नका. पडद्याचा फोटो काढून पुरावा ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा. पैसे मागून फसवणूक झाली तर १९३० वर आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ वर फोन करा.

फोटो लावताना खाली दोन ओळी जरूर लिहा: ही नागनिका, नाणेघाटच्या लेखातली राणी; वेश कार्ले-भाजे इथल्या शिल्पांवरून आम्ही कल्पिला आहे. पाहणाऱ्या पोरीबाळी विचारतील, ही कोण? तेव्हा सांगायला तुमच्याकडे उत्तर असेल.