लिंबू ठेवण्याआधी टायर वाचा

आजचा भाग वाचणाऱ्यांसाठी. गाडी घ्यायच्या बेतात असाल तर हे मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

2025 च्या दसऱ्याला माझ्या मामांनी बीडमध्ये नवी गाडी घेतली. हार झाला, पेढे झाले, मोठ्या चावीसोबतचा फोटोही झाला. चाकांखाली लिंबं ठेवायला मी खाली वाकलो आणि तिथंच थांबलो. मागच्या डाव्या टायरची नक्षी बाकी तिघांपेक्षा वेगळी होती.

"काय बघायलास रे एवढं? चल की, उशीर व्हायलाय," मामा वरून.

आपल्याकडं गाडी घेताना रंग बघतात, सनरूफ बघतात, टचस्क्रीन तर दहादा दाबून बघतात. टायरकडं लिंबू ठेवण्यापुरतंच लक्ष जातं. खरं तर रस्त्याला टेकतात ते तेवढेच, आणि तेही तळहाताएवढ्या जागेवर.

मग मी ड्रायव्हरचा दरवाजा उघडला. बहुतेक गाड्यांमध्ये तिथल्या खांबावर एक स्टिकर असतं: टायरचा साइज कोणता, हवा किती. आमच्यावर होतं 185/65 आर15 88एच. यातले 185 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के. आर म्हणजे रेडियल, 15 म्हणजे रिम किती इंची. लोक इथंच थांबतात, पण पुढचं जास्त कामाचं. 88 हा वजनाचा कोड आहे, एका टायरवर जास्तीत जास्त 560 किलो. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर.

आमच्या त्या चौथ्या टायरवर साइज तोच, पण शेवटी एचऐवजी एस. म्हणजे 180.

"आपण कुठं एकशेऐंशीनं पळवणार आहोत?" सेल्समन हसला. बरोबर आहे, नाही पळवणार. पण ते अक्षर म्हणजे टायर वेगातली उष्णता किती झेलतो त्याचंही माप असतं. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, गाडीत पाच माणसं, डिकीत ज्वारीचं पोतं! शिवाय एकाच एक्सलवर दोन वेगळे टायर म्हणजे दोन्ही बाजूंची पकड वेगळी. मामांचं गाव केजकडं, जायचं मांजरसुंबा घाटातून. पावसात तिथं जोरात ब्रेक मारला आणि गाडी एका बाजूला ओढली तर?

मग तारीख शोधली. टायरवर डीओटी अक्षरांनंतर जो कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे. तिघांवर 2825, म्हणजे 2025 चा 28 वा आठवडा. चौथ्यावर 0923! (हे आकडे बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात. कपडे मळतील, मळू द्या.)

स्टेपनीचं मात्र भांडण काढू नका. ती बऱ्याचदा मुद्दामच लहान देतात, तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर किट असतं. 2020 पासून नियमात ते चालतं. टायरवर आयएसआयची खूण आणि बाण असेल तर त्याची दिशा, एवढं बघा. हवा थंड टायरमध्ये मोजायला लावा. गाडी यार्डात उभी असताना कधीकधी जास्त भरलेली असते आणि ती कमी करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे सगळं पासिंगच्या आधी, दिवसाउजेडी करा. गाडी तुमच्या नावावर झाली, पूर्ण पैसे गेले, की शोरूमचा फोन उचलायचा वेग बदलतो.

मी चारही टायरचे फोटो काढले आणि डिलिव्हरीच्या कागदावर हाताने लिहून सही मागितली. मॅनेजर आले. यार्डात टायर खराब झाला असेल, म्हणाले. मामांचा चेहरा उतरला होता; दसऱ्याचा मुहूर्त, घरी आजी ओवाळायला थांबलेली. तरी त्यांनी चावी परत टेबलावर ठेवली. आठ दिवसांनी बाकीच्यांसारखाच टायर आला, त्याचा कोड 3125.

मामांनी त्या एकाच चाकाखाली पुन्हा लिंबू ठेवलं.