माल्टाचा पाऊस आणि विहिरीचे पाणी

संत पौलाचे गलबत माल्टा बेटाच्या किनाऱ्यावर फुटले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. १० फेब्रुवारीला त्या बेटावर त्याचा मोठा सण असतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात एक बारीकशी गोष्ट सांगितली आहे. पाऊस पडत होता आणि थंडी होती, म्हणून तेथल्या लोकांनी शेकोटी पेटवून भिजलेल्यांना जवळ घेतले. शेतकरी वाचकाला लगेच प्रश्न पडेल, पाऊस आणि थंडी एकदम कशी? आमचा पाऊस तर जूनमध्ये येतो!

त्याचे कारण असे. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रावर हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे ढग जमत नाहीत. जून, जुलै व ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. हिवाळ्यात पश्चिमेकडून वादळे येतात आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात बहुतेक पाऊस पडतो. वर्षाची सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर, म्हणजे बावीस इंच. आपल्या विजापूरकडेही जवळपास एवढाच पडतो. गोव्यात याच्या पाचपट.

थंडीत पडलेल्या पावसाचा एक फायदा आहे. ऊन कमी असल्याने पाणी लवकर वाळत नाही आणि जिरायत गहू, जव व वैरण साधते. पण सुरुवातीच्या सरी फार जोरात येतात. उन्हाने कडक झालेल्या जमिनीवरून पाणी धावते आणि माती समुद्रात नेते. बेटाचा खडक चुनखडीचा, वरचा मातीचा थर पातळ. म्हणून तेथले शेतकरी उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते करून दगडांच्या कोरड्या ताली रचतात. ताल ढासळली की शेत गेले. सुपीक मातीच्या रक्षणासाठी तेथे १९७३ साली कायदाही झाला.

बेटावर बारमाही नदी नाही. तेव्हा पाणी साठवावेच लागते. जुन्या लोकांनी घराखाली व शेतात खडकात टाक्या कोरल्या आणि धाब्यावरचे पाणी त्यात सोडले. १६१० ते १६१५ या काळात उंच भागातील झऱ्यांचे पाणी वॅलेटा शहरात आणण्यासाठी पाट बांधला गेला. त्यात विन्याकूर या अधिपतींनी पैसा घातला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आता मुख्य मुद्दा. खडकात मुरलेले गोडे पाणी बेटाच्या पोटात समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके आहे. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढते. माल्टात हजारो बोअर झाले, उपसा वाढला आणि पुष्कळ पाणी खारट झाले. शेवटी १९८० नंतरच्या दशकात समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने उभारावे लागले. आज तेथील पिण्याच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक त्यांतून येते, आणि त्याला वीज फार लागते.

दुसरी हानी आरोग्याची. शेणखत व रासायनिक खत गरजेपेक्षा जास्त पडले की त्यातील नायट्रेट पावसाबरोबर खाली मुरते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. माल्टाच्या भूजलात अनेक ठिकाणी ती ओलांडली गेली आहे. अशा पाण्यात दूध कालवून तान्ह्या बाळाला दिले, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते व बाळ निळे पडते. आयांनी हे ध्यानात ठेवावे की पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते दाट होते.

यातून आपण काय घ्यावे? किनाऱ्याजवळ ज्यांची विहीर आहे त्यांनी थोडे थोडे उपसावे, आणि चव बदलली की पंप थांबवावा. उकिरडा विहिरीपासून लांब ठेवावा. घरात तान्हे मूल असेल तर पाणी तपासून घ्यावे. आणि छपराचा हिशेब करावा. तीस फूट लांब व वीस फूट रुंद छपरावर बावीस इंच पाऊस पडला, तर सुमारे तीस हजार लिटर पाणी होते. थोडे वाया गेले तरी पंचवीस हजार उरते. माल्टाच्या लोकांनी तेवढ्यावर उन्हाळे काढले. आपल्या अंगणात याहून अधिक पडते, आणि आपण ते गटारात सोडतो.