झाडापाशी जाणारा आरा

वर्धा जिल्ह्यात शेताच्या धुऱ्यावर साग उभा असतो, बाभूळ असते, कडूनिंब असतो. आर्वी, आष्टी, कारंजाच्या बाजूला साग रानातून शेतात उतरून आल्यासारखा दिसतो. घर बांधायचं ठरलं की दारा-चौकटींसाठी त्यातला एखादा कामी येतो. बाभळीचं लाकूड बंडी, वखर, डवरा, तिफण यांना लागत आलं आहे. मात्र झाडाची फळी शेतात होत नाही. ओंडका ट्रॅक्टरवर चढतो आणि तालुक्याच्या आरामशीनवर जातो.

आरामशीनवर पट्टा-करवत एका जागी उभी फिरते आणि ओंडका ट्रॉलीवरून तिच्याकडे ढकलला जातो. फिरत्या आरागिरणीत हे उलटं आहे. ओंडका आडव्या सांगाड्यावर स्थिर असतो आणि करवतीचं डोकं रुळांवरून त्याच्यावर चालून जातं. एक काप झाला की डोकं फळीच्या जाडीइतकं खाली आणायचं आणि पुन्हा चालवायचं. सगळा सांगाडा चाकांवर असतो आणि गाडीमागे ओढून नेता येतो. 1982 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉन लास्कोव्स्की आणि डॅन टेकुल्वी यांनी ‘वुड-मायझर’ ही कंपनी काढली आणि अरुंद, पातळ पट्ट्याचं असं यंत्र विकायला सुरुवात केली. तिकडे आज कित्येक लोक वादळात पडलेलं, रस्त्यासाठी तोडलेलं, परसातलं वाळलेलं झाड स्वतः चिरतात आणि त्याचं टेबल, कपाट, कधी अख्खं घर करतात. चेनसॉला चौकट बसवून फळ्या काढणारेही आहेत, पण चेनसॉ फार लाकूड खाते.

करवत जेवढं लाकूड खाते तेवढ्याचा भुसा होतो. 300 मिलिमीटर जाडीचा चौरस ओंडका घेऊन त्याच्या 25 मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या असं समजू. जुन्या गोल करवतीचा काप 6 मिलिमीटरचा असेल तर 9 फळ्या निघतात. रुंद पट्टा-करवतीचा काप 3 मिलिमीटर धरला तर 10. पातळ पट्ट्याचा काप 2 मिलिमीटरवर आला की 11. झाड तेच, वाढीला लागलेली वर्षंही तीच. सागासारख्या लाकडात या दोन फळ्या लहान गोष्ट नाही.

मोजमापाची आपली रीतही यात आहेच. लाकूड व्यापारात ओंडक्याचा घेर मोजतात, त्याचा चौथा हिस्सा घेऊन वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. 48 इंच घेराचा 10 फुटी ओंडका असा 10 घनफूट भरतो. गणिताने तोच ओंडका पावणेतेरा घनफुटांच्या आसपास असतो. मधला फरक म्हणजे साल आणि चिराईतली घट. घट जितकी कमी तितका हा फरक चिरणाऱ्याच्या पदरात पडतो. म्हणून चिरणारा मालक स्वतः असणं महत्त्वाचं.

वीज येण्याआधी आरा झाडापाशीच जात असे. ओंडका तिरका टेकवायचा, कोळशात बुडवलेलं सूत मारून रेघ उमटवायची, एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून दोघांनी लांब आरा ओढायचा. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा. ही मेहनत परत यावी असं मला वाटत नाही. माणसांची ओढ यंत्राने घ्यावी, पण लाकडावरचा हक्क आणि निर्णय गावात राहावा, एवढंच मागणं आहे.

वर्ध्याला हे मागणं नवं नाही. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. झवेरभाई पटेलांनी तिथे लाकडी तेलघाणी सुधारली. ती पुढे ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली. घाणी गावातच राहिली, तेल जास्त निघू लागलं. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी उघडलेलं मगन संग्रहालय अशाच अवजारांसाठी होतं. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते हे अर्धवट ऐकलेलं आहे; शिवणयंत्राचं त्यांनी मोकळेपणाने कौतुक केलं होतं. सेवाग्राम आश्रमातलं त्यांचं घर, आदिनिवास, 1936 साली जवळपासच्या लाकूड, बांबू, माती आणि कवेलूंनी उभं राहिलं. फिरता आरा या परंपरेत सहज बसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडथळा कायद्याचा आहे आणि तो उगाच आलेला नाही. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 41 मध्ये लाकडाच्या वाहतुकीसोबत आऱ्याच्या खड्ड्यांवरही, म्हणजे ओंडके चिरायच्या जागांवरही, बंदी घालण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. चोरीचं लाकूड एकदा फळी झालं की त्यावरचा शिक्का जातो आणि ते कुठल्या झाडाचं हे सांगता येत नाही. 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या पूर्वपरवानगीविना जंगलात चाललेली बिगर-वन कामं थांबवली. त्यात आरागिरण्या होत्या. 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी परवान्यांचा विचार राज्यस्तरीय समित्यांकडे दिला. चाकं असली म्हणून इंजिनवरची आरागिरणी परवान्यातून सुटत नाही. बोर व्याघ्र प्रकल्प याच जिल्ह्यात आहे, हेही विसरता येत नाही. आपल्याच धुऱ्यावरचा साग तोडायचा तर मालकी प्रकरण करावं लागतं: सातबाऱ्यावर झाडांची नोंद, वन विभागाची पाहणी, हातोड्याची खूण आणि मग वाहतूक परवाना, म्हणजे टीपी.

परवाना मिळाला तरी काम चिरण्यावर संपत नाही. वर्ध्याचा मे महिना ओल्या फळीला दयामाया दाखवत नाही. फळ्या सावलीत, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्या लागतात, वारा खेळता ठेवावा लागतो, टोकांना रंग किंवा मेण लावावं लागतं. नाहीतर टोकं आधी वाळून फाटतात. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना हिशोब आजही हाताशी धरण्यासारखा आहे. लाकूड वलयांच्या दिशेने आटतं ते गाभ्यापासून सालीकडच्या आटण्याच्या सुमारे दुप्पट, म्हणून फळी कुठल्या अंगाने काढली यावर ती वाकणार की सरळ राहणार हे ठरतं. दाराच्या फळीसाठी गाभ्यापासून सालीकडे जाणारा काप घ्यावा. त्यात थोडं लाकूड वाया जातं, पण दार सरळ राहतं. बाभळीची रीत वेगळी. ती पाण्यात बुडवून ठेवतात. लाकडातला पिठूळ अंश निघून जातो आणि कीड धरत नाही.

वन विभागाने मालकी प्रकरणात झाडाला खूण करतानाच शेतात चिराईची परवानगी द्यावी आणि फळ्यांचा हिशोब टीपीवरच लिहावा. यंत्र ग्रामपंचायतीच्या किंवा सहकारी संस्थेच्या नावावर असावं, त्याची नोंदवही वनरक्षकाने तपासावी. चालवायला गावचा सुतार बसवावा, कारण कुठली फळी कुठे लागणार हे त्याला ओंडका पाहतानाच कळतं.