फ्रिस्कोतला ‘बेपर्वाई’चा खटला

दुधाची पिशवी आणायला दुकानात शिरताना सहा वर्षांचं मूल गाडीत झोपलेलं ठेवलं, तर टेक्सासमध्ये तो गुन्हा ठरू शकतो. मूल सातपेक्षा लहान, सोबत चौदा वर्षांचं कुणी नाही आणि वेळ पाच मिनिटांहून जास्त, एवढं पुरेसं आहे. हा किरकोळ गुन्हा शहराच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो. दंड ५०० डॉलरपर्यंत.

मुलाच्या जिवाला थेट धोका निर्माण झाला, तर मात्र आरोप फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा. मूल असो वा मोठा माणूस, दुसऱ्याला गंभीर इजेच्या धोक्यात घालणाऱ्या बेपर्वाईचा इथे ‘डेडली कंडक्ट’ हा वेगळा गुन्हा आहे : एक वर्षापर्यंत तुरुंग, ४,००० डॉलरपर्यंत दंड. बंदूक माणसावर रोखली, तर ती रिकामी समजत होतो हा बचाव सहसा चालत नाही.

फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलं आहे. त्यामुळे म्युनिसिपल कोर्टाबाहेरचा, मोठ्या गुन्ह्याचा खटला घटनेच्या जागेनुसार मॅकिनीला किंवा डेंटनला जातो. बरेचसे खटले ज्युरीपर्यंत न जाता सरकारी वकिलाशी तडजोडीत मिटतात : आरोप सौम्य होतो, किंवा ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ मिळतं. त्यात अटी पाळल्या की टेक्सासच्या लेखी दोषसिद्धी होत नाही.

पण एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर इथेच थांबा! गुन्हा कबूल करून घेतलेली ही सवलत इमिग्रेशन कायदा दोषसिद्धीच मानतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिया निकालानुसार, हद्दपारीचा धोका सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तडजोडीवर सही करण्याआधी त्याला या धोक्याबद्दल विचाराच.