पहिला नग, तोच शेवटचा!

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्हाला एक शाफ्ट करून हवा होता. एकच. त्यावर ६२०४ नंबरचं बेअरिंग बसणार होतं. त्याचा बोअर २० मिमी, म्हणून आम्ही ड्रॉइंगवर ऐटीत 'व्यास २०' लिहिलं आणि शीट एका वर्कशॉपमध्ये देऊन आलो.

चार दिवसांनी शाफ्ट आला. बेअरिंग घातलं तर सुळ्ळकन आत गेलं आणि खुळखुळायला लागलं! मायक्रोमीटर लावला, १९.८८. सबमिशनला आठवडा उरलेला. तावातावाने परत गेलो. लेथवरच्या काकांनी शीट पुढे सरकवली. "इथं बेअरिंग बसणार, हे कुठं लिहिलंय?"

काकांचं चुकलं नव्हतं. टॉलरन्स न लिहिलेल्या मापाला बऱ्याच ठिकाणी आयएसओ २७६८ चा 'मीडियम' वर्ग धरतात. त्यात ६ ते ३० मिमीच्या मापाला ±०.२ चालतं. आम्हाला हवं होतं के६ फिट, म्हणजे २०.००२ ते २०.०१५. पुस्तकात हे सगळं होतं, पेपरातही लिहिलं होतं... शीटवर तेवढं नव्हतं!

मित्रांनो, शंभर नग करायचे असतील तर पहिल्या नगावर चूक कळते, ड्रॉइंग सुधारता येतं. आपला पहिला नग हाच शेवटचा असतो. म्हणून एवढं बघाच :

१. जिथं दुसरा पार्ट बसतो, तिथंच बारीक टॉलरन्स द्या. हौसेने सगळीकडे ±०.०१ लिहिलं तर बिल बघून घाम फुटेल.

२. लांबीची मापं साखळीसारखी देऊ नका. ±०.२ ची चार मापं एकापुढे एक आली, की एकूण फरक ±०.८ पर्यंत जातो. महत्त्वाची मापं एकाच फेसपासून द्या.

३. स्टेपच्या कोपऱ्यातला फिलेट बेअरिंगच्या कोपऱ्याच्या रेडियसपेक्षा लहान हवा. नाहीतर बेअरिंग शोल्डरला टेकतच नाही.

४. मटेरियल (आमचं ईएन८ होतं), नग, मापाचं एकक आणि फर्स्ट अँगलचं चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये हवंच. 'शार्प कडा मोडा' हेही लिहा, हात कापत नाही.

५. बेअरिंग सोबत घेऊन जा. लेथवरून जॉब उतरवण्याआधी लावून बघता येतं.

आणि एक सोपी टेस्ट. शीट देण्याआधी दुसऱ्या ब्रँचच्या रूम पार्टनरला दाखवा. "हे किती?" असं त्याने विचारलं, की समजा ते माप राहिलंय. काकांनाही तोच प्रश्न पडणार. फरक एवढाच, की तेव्हा तुम्ही तिथं नसाल आणि ते अंदाजाने काम उरकतील.

दुसरा शाफ्ट आमच्या खर्चाने झाला, महिनाभराचा चहा-वडापाव त्यात गेला. पण आतल्या रिंगवर पाइप टेकवून हलके ठोके दिले आणि बेअरिंग असं बसलं, की हाताने हलेना. त्या शीटवर आदल्या शीटपेक्षा जास्त काय होतं? 'के६', एवढंच!